उद्यमनगरातली हेलियमची डबी

नवरात्रात कोल्हापूरला आलेला माणूस अंबाबाईसाठीच आलेला असणार, असं तिथे सगळे धरून चालतात. रिक्षावाल्यानं मला न विचारताच देवळाच्या दिशेनं गाडी वळवली. लॉजवाल्यानं दर्शनाच्या रांगेबद्दल सल्ला दिला. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही, कारण मी ज्यासाठी आलो होतो ते रस्त्यावर सांगण्यासारखं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात, माझ्या सांगण्यावरून, धातूच्या एका बारीक दांड्यात भोक पाडलं होतं. ते पाडायला नको होतं, एवढंच मला ते पाडणाऱ्याला सांगायचं होतं.

थोडं मागचं सांगतो. मी मूळचा अमरावतीचा. बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत अतिशीत पदार्थांवर काम करतो. हेलियम म्हणजे फुग्यात भरतात तो वायू. तो थंड करत गेलं की द्रव होतो, पण त्याचा बर्फ होत नाही. कितीही गारठवा, तो द्रवच राहतो. वरून चांगला दाब दिला तरच गोठतो. असा गोठलेला हेलियम आम्ही सुपारीएवढ्या डबीत धरतो. डबी एका दांड्यावर बसवलेली असते आणि दांड्याच्या पिळावर ती इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहते. डबी जड असेल तर सावकाश, हलकी असेल तर भरभर.

निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याच्या खाली थंडी जातच नाही त्या तापमानाच्या, अगदी जवळ गेल्यावर आमची डबी अचानक भरभर फिरू लागली. जणू आतलं थोडं वजन नाहीसं झालं. जगात इतरांनाही हेच दिसलं होतं आणि त्याचा लावला गेलेला अर्थ मोठा मोहात पाडणारा होता. घन हेलियमचा काही भाग उरलेल्या घनामधून, कुठेही न घासता, वाहतो आहे. डबी फिरते, पण तो भाग जागच्या जागी थांबतो. घट्ट असून वाहणारा पदार्थ! आम्हीही तोच अर्थ लावला. डबी ज्यांनी बनवली त्या रशीदभाई मणेरांना मी फोन करून म्हणालो, "तुमच्या डबीत दगड वाहताना दिसला हो." पलीकडे ते इतक्या मोठ्यानं हसले, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

पुढे उलगडलं ते वेगळंच. वाहत काहीच नव्हतं. तेवढ्या थंडीत घन हेलियम नुसता कडक होत होता. आणि आमच्या डबीत हेलियम जायचा तो दांड्यातल्या भोकातून. तो तिथेही गोठायचा, तिथेही कडक व्हायचा. त्यानं दांडा ताठ व्हायचा आणि ताठ दांड्यावर डबी भरभर फिरायची. आम्ही आतल्या पदार्थाबद्दल बोलत राहिलो आणि बोलत होता दांडा.

हे मात्र मी फोन करून सांगितलं नाही. दर ईदला माझा फोन जायचा, दर दसऱ्याला त्यांचा यायचा. हे तेवढं राहिलं. आता नवी डबी हवी होती, भोक नसलेल्या दांड्याची. ड्रॉइंग ईमेलनं पाठवता आलं असतं. पण ते पाहताच त्यांनी विचारलं असतं, भोक कुठं गेलं? त्याचं उत्तर ईमेलनं देणं मला हलकटपणाचं वाटलं. म्हणून गेलो.

अष्टमी

पहिल्या दोन लॉजवर खोली नव्हती. तिसऱ्यावर होती, पण मालकानं माझ्या मागे कुणी आहे का ते वाकून पाहिलं.

"एकटंच हाय का पावणं?"

"हो."

"एकट्याला देत न्हाय आमी. मागं एकानं लई टेन्शन दिलंया."

"मी टेन्शन देणार नाही," मी म्हणालो. ते ऐकून तो आणखी संशयानं बघायला लागला. शेवटी रशीदभाईंचं नाव सांगितलं तेव्हा किल्ली मिळाली. बंगळुरूतही मी एकटाच राहतो. बायको मुलीजवळ हैदराबादला असते. भांडण झालेलं नाही. एकमेकांकडे जायचं राहत गेलं, एवढंच. पण हे असं काउंटरवर कुणी विचारलं नव्हतं.

उद्यमनगर पूर्वी होतं तसंच कानठळ्या बसवणारं आहे. गल्लीच्या तोंडाशी ओतकामाच्या भट्टीचा जळका वास, पुढे ग्राइंडरच्या ठिणग्या, आणि सगळ्यांवर ताण रशीदभाईंचा आवाज. ते आता चांगलेच सुटलेत. दाढी पांढरी झाली आहे, आणि जिथे एक जुना लेथ होता तिथे संगणकावर चालणारी नवी यंत्रं उभी आहेत.

"या की सर! वाळलासा पार! बंगळुरात भात घालून मारत्यात का काय तुमास्नी?"

त्यांनी मला मिठी मारली आणि तेल लागलेला हात माझ्या पाठीला पुसला. मला वाटतं, त्या अख्ख्या वर्षात मला कुणी मारलेली ती पहिली मिठी होती. त्याच क्षणी माझं धैर्य निम्मं झालं.

त्यांच्या टेबलामागे काचेचं एक छोटं कपाट आहे. आम्ही डब्या दोन करवल्या होत्या, त्यातली दुसरी तिथेच राहिली होती. ती लाल मखमलीवर ठेवलेली. कागलहून एक गिऱ्हाईक आलं होतं, पंपाचे भाग करून घेणारं. रशीदभाईंनी त्याला हाताला धरून कपाटासमोर उभं केलं.

"ह्यो दांडा बघा. बोटाच्या पेराएवढा हाय का न्हाय? ह्यातनं सुईएवढं भोक आरपार पाडलंय मी. जुन्या लेथवर! ड्रिलं मोडून मोडून बोटं सुजलीती. आनि त्येच्यातनं जे आत गेलं, ते घट्ट असून वाहिलं. जगात! काय सर?"

"हो," मी म्हणालो.

गिऱ्हाईक माझ्याकडे आदरानं पाहू लागलं. मी चहात बोट बुडवून साय काढण्यात वेळ घालवला.

"ड्रॉइंग आनलंय न्हवं?"

"आणलंय. उद्या बघू."

"उद्या खंडेनवमी. उद्या मशिनीला हात न्हाय. उद्या तुमी पूजंला या."

संध्याकाळी गंगावेशीत गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि कोमट, फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. तालमीतून सुटलेली पोरं दोन-दोन पेले उभ्या उभ्या रिकामे करत होती. आमच्याकडे वऱ्हाडात निरसं दूध कुणी असं रस्त्यात पीत नाही. घरी नेऊन तापवल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवत नाही. मी एक पेला घेतला. म्हैसवाला म्हणाला, "पावणं, मिशीला फेस हाय. पुसा की. का ऱ्हाऊ द्या, बरं दिसतंय." सगळे हसले, मीही हसलो. मग ते आपापल्या घोळक्यात बोलायला लागले आणि मी रिकामा पेला कुठे ठेवायचा ते शोधत राहिलो. पालखीच्या गर्दीतून लॉजवर परतताना माझ्या अंगाला इतकी माणसं घासून गेली, पण ओळखीचं एकही नव्हतं.

खंडेनवमी

बंगळुरूत आयुधपूजेला आमच्या प्रयोगशाळेतही हेलियमच्या यंत्राला कुंकू लावतात आणि दारात कोहळा फोडतात. कोल्हापुरात कोहळा नाही. पण यंत्राबद्दलची माया इथे जास्त ढळढळीत दिसते. सगळा कारखाना धुऊन काढला होता. लेथच्या चकला, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याला, झेंडूची माळ, ड्रिलच्या यंत्राला उसाच्या कांड्या, पाने-हातोड्या सतरंजीवर ओळीनं मांडलेल्या. मधोमध पाटावर, सगळ्या हत्यारांच्या पुढे, ती डबी.

मला ते अपेक्षित नव्हतं. तिच्यावर हळद-कुंकू होतं. दांड्यातल्या भोकात कुणीतरी एक बारीक फूल खोवलं होतं.

पूजा फोरमन तानाजीनं सांगितली. रशीदभाई डोक्याला रुमाल बांधून उभे होते. नारळ मात्र त्यांनीच फोडला. त्यांच्या वडिलांपासूनची ही वाटणी आहे म्हणे. शब्द तानाजीच्या घरचे, नारळ मणेरांचा. आजूबाजूच्या कारखान्यांतले लोक जमले होते. मग रशीदभाई माझ्याकडे वळले.

"आज आमचं सर आल्यात. ही डबी गाजली ती ह्येंच्यामुळं. सर, दोन शब्द बोला की."

मी उभा राहिलो. तेव्हा सांगता आलं असतं. अवघडही नव्हतं, आम्ही ते परिषदांमध्ये हसत हसत सांगतो. पण समोर धुतलेले शर्ट घातलेले लोक होते, कपाळाला गंध होतं, आणि रशीदभाई पोटावर हात बांधून लहान मुलासारखे वाट बघत होते. मी म्हणालो, "हिच्या जोडीच्या डबीत घन पदार्थ वाहताना दिसला. ते बघायला मिळणारी माणसं जगात थोडी. ते या हातांमुळे शक्य झालं."

टाळ्या पडल्या. माझ्या हातात खोबरं आणि चुरमुरे आले. तोवर मी नुसता गप्प होतो, आता बोलून खोटा झालो होतो.

गर्दी पांगल्यावर रशीदभाईंची मुलगी नाझनीन माझ्याजवळ आली. डबी बनली तेव्हा ती शाळेत होती, आता पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करते. चहाचे कप गोळा करता करता खालच्या आवाजात म्हणाली, "सर, एक विचारू? राग येणार नाही ना?"

"विचार की, बेटा."

"दांड्यात भोक असलेल्या डब्यांचं पुढं काय झालं, ते आम्हाला सेमिनारला होतं. मीच घेतलं होतं ते."

मी हातातला कप तिच्याकडे दिला.

"अब्बांना मी सांगितलं नाही. म्हटलं, काम तुमचं, तुम्ही सांगाल. काल वाटलं आज सांगाल. आज तर तुम्ही उलटंच सांगितलंत की."

"त्यांना वाईट वाटेल म्हणून—"

"आणि मला? घरी कोण पण आलं की अब्बा डबीचं सांगतात आणि मी खाली मान घालून चहा देते. मैत्रिणींना घरी आणायचं सोडलंय मी." तिनं कप एकात एक रचले. "दिवाळीनंतर आमच्या विभागाची सगळी सरमंडळी कारखाना बघायला येणार आहेत. अब्बांनीच बोलावलंय. त्यांच्यापुढं ते हेच सांगणार. आणि सगळे एकमेकांकडं बघून हसणार, सर. अब्बांना कळणार पण नाही कशाला हसले."

"तू सांगितलंस तर?"

"मी सांगितलं तर अब्बा म्हणतील, सरांनी सगळ्यांपुढं सांगितलं, तुला काय जास्त कळतं?"

दुपारी त्यांच्या घरी खिमा, ज्वारीची भाकरी आणि कांदा-लसणाची चटणी होती. आमच्याकडचा ठेचा जिभेला चटका देतो आणि निघून जातो. इथलं तिखट सावकाश चढतं आणि कानात जाऊन बसतं. रशीदभाई माझ्या ताटात वाढत राहिले. नाझनीन समोर बसून जेवली आणि तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दसरा

दसरा चौकातला सोहळा पाहण्यासारखा असतो हे खरं आहे. घोडे, जुन्या पोशाखातले मानकरी, तुताऱ्या, आणि पूजा झाली रे झाली की आपट्याच्या पानांवर पडलेली झुंबड. कुणाचा फेटा सुटतो, कुणाची चप्पल जाते, आणि मूठभर पानं घेऊन माणूस असा बाहेर पडतो, जणू गड जिंकला. मी झुंबडीत शिरलो नाही. कडेला एक बाई पानं विकत होती तिच्याकडून जुडी घेतली.

"एवढीच? घरात मानसं किती हाईत?" तिनं विचारलं.

"पुरेल एवढी," मी म्हणालो.

अमरावतीला आम्ही लहानपणी खिसे भरून पानं घेऊन निघायचो आणि ती पुरायची नाहीत. इथे मला एकच दार माहीत होतं.

रशीदभाईंनी सोनं घेतलं, मिठी मारली, आतून बर्फी मागवली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं.

"रशीदभाई, त्या डबीत काही वाहत नव्हतं."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. दांडा, भोक, भोकात गोठलेला हेलियम, त्याचा कडकपणा. ते ऐकत होते.

"कवापास्नं ठावं हाय तुमास्नी?"

"बरीच वर्षं झाली."

"म्हंजे काल, मी नारळ फोडला तवा बी?"

"हो. तेव्हाही."

नाझनीन दारात बर्फीची बशी घेऊन उभी होती. ते तिच्याकडे वळले.

"तुला गं?"

"हो अब्बा," ती म्हणाली. "यंदाच कळलं."

त्यांनी सोन्याची पानं टीपॉयवर ठेवली. एकेक पान सरळ करत राहिले.

"घरातली बी गप, भाईरची बी गप," ते म्हणाले. "मी एकटाच बोलत हुतो व्हय?"

"हात तुमचा चुकला नाही. भोक माझ्या ड्रॉइंगमध्ये होतं."

"त्येच तर. हात चुकला असता तर त्याच दिशी कळलं असतं, जॉब भंगारात टाकला असता. ह्यो तर बरोबर झाला आनि फसला." मग एक पान उलटून, "ते जाऊ दे. शास्त्रात चुकत असतील मानसं. पन कालचं का बोललासा? कुनी गळा धरला हुता?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यांच्याशिवाय मला मिठी मारणारं कुणी नाही, म्हणून बोललो. एवढंच म्हणालो, "माफ करा."

"पोरांपुढं बोललासा, आता पोरांपुढंच सांगा. उद्या येळंवर या. मी न्हाय सांगनार तुमच्या वतीनं."

नाझनीन म्हणाली, "सर, जेवून जावा." रशीदभाईंनी पानांवरची नजर वर केली नाही. त्या घरातून मी पहिल्यांदाच न जेवता निघालो. स्टँडजवळच्या खानावळीत वाढप्यानं माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट करून विचारलं, "कुनी येनार हाय?" मी मान हलवली आणि त्यानं ती खुर्ची दुसऱ्या टेबलाला लावली.

एकादशी

परतीचं तिकीट रद्द केलं आणि सकाळी कारखान्यात गेलो. माळा अजून यंत्रांवर होत्या, सुकायला लागलेल्या. रशीदभाईंनी सगळ्यांना हाक मारली आणि स्वतः मागे, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मी सांगितलं. खंडेनवमीला मी जे बोललो ते खरं नव्हतं आणि ते मला बोलताना माहीत होतं, हे आधी सांगितलं. कुणी माझ्याकडे बघेना. मग तानाजीनंच वाट करून दिली. "पन सर, घट्ट हाय ते आनि कडक कसं हुतं? घट्टच हाय न्हवं आदीच?"

पूजेची सतरंजी अजून खाली अंथरलेली होती. मी तिच्या एका कडेला सुरकुती पाडली. "अख्खी सतरंजी ओढायची तर जड जाते," मी म्हणालो. "पण ही सुरकुती हातानं पुढं ढकलत न्यायची, की सतरंजी आपोआप तेवढी पुढं सरकते." मी गुडघ्यावर बसून सुरकुती पार दुसऱ्या टोकाला नेली. "घन हेलियमच्या आत अशा सुरकुत्या असतात. त्या मोकळ्या फिरतात म्हणून तो मऊ. खूप गार केलं, की त्याच्यातलेच थोडे परके कण, दहा लाखांत एखादा, तेवढाही पुरतो, ते येऊन सुरकुतीवर बसतात. तानाजी, जरा बसा इथं." तानाजी सुरकुतीवर बसला. मी ढकललं, सुरकुती हलेना. "झालं. एवढ्यानं सगळा तुकडा ताठ."

मागून कुणीतरी म्हणालं, "तानाजी मिस्त्री बसला की काम थांबतंय, ह्ये आमाला आदीच ठावं हुतं!"

हशा झाला. तानाजीनं त्याला एक सणसणीत शिवी दिली. मलाही हसू आलं आणि लगेच रशीदभाईंकडे पाहिलं. ते हसले नव्हते. पण त्यांनी तिथूनच विचारलं, "आनि ते परके कन काढून टाकले तर?"

"तर अतिशय मऊ होतो. एका दिशेनं तर नुसता धक्का लागला तरी सरकतो. जितका शुद्ध, तितका कमी टिकाव."

त्यांनी मान हलवली. माणसं आपापल्या यंत्रांकडे गेली. कुणालाही फारसा धक्का बसलेला नव्हता. जाता जाता एकानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "आमचं तर रोज एक जॉब रिजेक्ट हुतंय सर." ज्याला बसायचा होता त्याला तो आदल्या दिवशीच बसला होता.

मी पिशवीतून ड्रॉइंग काढून त्यांच्या टेबलावर पसरलं. काचेच्या कपाटात मखमल होती, डबी नव्हती. ती कुठे ठेवली हे विचारायचा मला हक्क नव्हता. रशीदभाईंनी चष्मा लावला, बोट दांड्यावरून फिरवलं.

"भोक न्हाय."

"नाही. हेलियम वरून, वेगळ्या नळीतून जाईल. दांडा भरीव."

"भरीव." त्यांनी कागद जवळ घेतला, माझ्याकडे परत सरकवला, मग पुन्हा ओढून घेतला. "मग ह्ये तर कुनीबी करंल की. बंगळुरात गल्लोगल्ली हुईल. ह्येच्यासाठी कोल्हापूर कशाला?"

"तुम्हाला सांगायला आलो होतो."

"मग सांगितलंसा की."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "पोरीच्या सरांस्नी येऊ दे. मी सांगतो त्यास्नी, भोक कसं पाडलं आनि पुढं कसं फसलं. आमचं आमी सांगतो." दारात नाझनीनची स्कूटर उभी होती, ती कॉलेजला निघाली होती. त्यांनी तिच्याकडे पाहून हे म्हटलं, माझ्याकडे पाहून नाही. तिनं थांबून, मान वर करून ऐकलं.

ड्रॉइंगची त्यांनी घडी केली आणि खिशात ठेवली. करून देतो म्हणाले, दर नेहमीचाच. मी पिशवी उचलली. निघताना विचारलं, "झाली की न्यायला येऊ?"

"कशाला?" त्यांनी लेथच्या चकावरची माळ काढून बाजूला ठेवली. "कुरिअर हाय की."

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.